रामगढ शेखावाटी : मंडाव्यात पैसे घालवण्याआधी हे वाचा

राजस्थानातल्या शेखावाटीविषयी जे काही वाचायला मिळतं त्यात एक वाक्य हमखास असतं: ही जगातली सगळ्यात मोठी खुली चित्रशाळा आहे, गल्ल्यांतून नुसतं फिरायचं आणि भिंती बघत राहायचं. आम्हाला हेच वाक्य सगळ्यांनी सांगितलं होतं. चित्रं खुली आहेत हे खरं, पण ती ज्या शेठ लोकांच्या हवेल्यांवर आहेत त्या बंद आहेत हे कुणीच लिहीत नाही. दाराला कुलूप असतं, किल्ली कुणाकडे तरी असते, आणि तो कुणीतरी तुमच्या बुटांकडे आणि कॅमेऱ्याकडे बघून भाव ठरवतो. इथल्या मंडावा गावात तर त्याच्या आणि तुमच्या मध्ये आणखी एक माणूस उभा असतो, तो गाइड. खरा खर्च त्याचाच.

म्हणून निकाल आधी सांगते. मंडाव्यात मुक्काम करू नका. नवलगढला राहा. फतेहपूरला एक हवेली बघा आणि निघा. उरलेला सगळा वेळ रामगढला द्या. रामगढचं नाव सहलींच्या यादीत बहुधा नसतंच, असलं तर ‘वेळ उरल्यास’ ह्या सदरात असतं. हा क्रम साफ चुकीचा आहे.

आम्ही रामगढ यादीत घातलं ते ताईमुळे. ताई माटुंग्याच्या रुईया कॉलेजची. १९३७ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज रामनारायण रुईयांच्या नावाचं, आणि रुईया मूळचे रामगढचे, हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या पोदार कॉलेजचे पोदार नवलगढचे. वर्ध्याचे जमनालाल बजाज सीकरजवळच्या काशी का बास गावात जन्मले आणि वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आले. मुंबईत ज्या आडनावांच्या इमारतींत आपण शिकलो, औषधपाणी केलं, त्यातल्या बऱ्याच घराण्यांची मूळ गावं ह्या रेताड पट्ट्यात एकमेकांपासून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहेत. गोएंका, पिरामल, मोरारका, बिर्ला, सगळे इथले. मुंबई-विदर्भाच्या माणसाने इथे यायला हवं ते ह्यासाठीसुद्धा.

जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी माहीत असली तर भिंती वेगळ्या दिसतात, म्हणून दोन ओळी. शेखावाटी म्हणजे राजस्थानच्या ईशान्येचा सीकर, झुंझुनू आणि चुरूचा काही भाग. थारचा काठ. जैसलमेरकडच्यासारखे फोटोतले वाळूचे डोंगर इथे शोधू नका. इथे खेजडीची झाडं, बाजरीची शेतं आणि चपलेत शिरणारी बारीक रेती आहे. गुजरातची बंदरं आणि दिल्ली यांच्यामधला उंटांचा व्यापारी रस्ता इथून जायचा. लोकर, अफू, मसाले, कापड. इथले ठाकूर जकात कमी घेत, म्हणून व्यापारी इथे वसले. पुढे इंग्रजांच्या कलकत्ता-मुंबई बंदरांनी खुश्कीचा व्यापार ओढून घेतला, तेव्हा शेठ लोक तिकडे गेले. बायकामुलं गावातच राहिली, पैसा गावाकडे येत राहिला आणि हवेल्यांच्या भिंतींवर लागला. साधारण १८३० ते १९३० ह्या शंभर वर्षांत हे घडलं. मग कुटुंबंही गेली आणि कुलपं लागली. आज एकेका हवेलीचे वारस कलकत्त्यात, मुंबईत, सुरतेत विखुरलेले आहेत. विकायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात, दुरुस्त करायची तरी सगळ्यांचे पैसे लागतात, त्यामुळे दोन्ही होत नाही.

आता मंडावा.

मंडावा कुरूप आहे असं मी म्हणत नाही. १७५५ मध्ये ठाकूर नवलसिंहांनी बांधायला घेतलेला किल्ला आहे, त्याचं आता हॉटेल झालंय. बाजाराच्या तोंडाशी सोनथलिया दरवाजा आहे. नेवटिया हवेलीच्या बाहेरच्या भिंतीवर राईट बंधूंचं विमान आहे, टेलिफोन कानाला लावलेला मुलगा आहे, मोटार ओढणारा पहिलवान आहे. हे सगळं रस्त्यावर उभं राहून, फुकट दिसतं. मंडाव्यातलं सगळ्यात मजेशीर चित्र बघायला एक रुपया लागत नाही, हे पहिल्यांदा लक्षात ठेवा.

आम्ही बसमधून उतरलो आणि पिशव्या खांद्याला लावायच्या आत एक गृहस्थ हजर. “पूरा गाँव, सब हवेली, आठ सौ.” चौघांत आठशे म्हणजे ठीक वाटलं. भाऊजींनी दोनदा विचारलं, ह्यात सगळं आलं ना? सगळं आलं. पहिल्या हवेलीच्या दारातच कळलं की किल्लीवाल्याचे माणशी शंभर वेगळे. दुसरीतही तेच. तिसरी हवेली म्हणजे गालिचे, चादरी आणि कठपुतळ्यांचं दुकान. चित्रं होती, पण त्यांच्यापुढे कपाटं उभी केलेली. चहा आला, गालिचे उलगडले गेले, पाऊण तास गेला. चौथीही दुकान. पाचव्या ठिकाणी ‘जुनी’ कुलपं आणि दरवाजे विकायला ठेवलेले. मध्येच कुठल्या चौकात कुठल्या नटाने कुठला प्रसंग केला याचं वर्णन. मंडाव्यात हिंदी चित्रपटांचं चित्रीकरण खूप होतं हे खरं आहे, पण आम्ही भिंती बघायला आलो होतो. दुपारी हिशेब केला तेव्हा आठशेचे सव्वीसशे झाले होते आणि त्यात एकही चादर नव्हती.

पैशांपेक्षा मला संताप आला तो माहितीचा. त्याच्या लेखी प्रत्येक हवेली दोनशे वर्षांची आणि प्रत्येक रंग सोन्याचा. विमानाच्या भिंतीपाशीही तो दोनशे वर्षंच म्हणाला. राईट बंधू पहिल्यांदा उडाले १९०३ मध्ये! ज्या माणसाला एवढंही सांगायचं नाही, त्याला आठशे रुपये कशाचे? चित्रं कोणी काढली, असं ताईने विचारलं, तर “पुराने कलाकार” एवढंच उत्तर.

ती काढली चेजारा लोकांनी. भिंत बांधणारे आणि रंगवणारे तेच. चुन्याचे थरावर थर चढवायचे, शेवटचा थर अगदी बारीक, आणि तो ओला असतानाच त्यावर रंग भरायचे म्हणजे चुना वाळताना रंग आत धरून ठेवतो. मग अकीकाच्या दगडाने घोटून झिलई आणायची. बाहेरच्या भिंती शंभर-दीडशे उन्हाळे सोसून उभ्या आहेत त्या ह्यामुळे. आतल्या खोल्यांतलं काम बरेचदा कोरड्या भिंतीवर केलेलं असतं, ते हाताला लागून येतं. आत गेलात तर भिंतीला टेकू नका, बोट लावू नका, मुलांना आवरा.

काळ ओळखायचा ढोबळ मार्गही सांगून ठेवते, म्हणजे कुणी दोनशे वर्षं म्हणालं की तुम्हाला स्वतःला बघता येईल. गेरूचा तांबडा, पेवडीचा मातकट पिवळा, काजळाचा काळा, नीळ, हे मंद आणि मोजके रंग जुन्या कामात. लख्ख निळा आणि भडक लाल शेजारी-शेजारी आले की ते विलायती रंगांचं काम, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा नंतरचं. विषयही सांगतात. फक्त कृष्णलीला, रामायण, ढोला-मारूची प्रेमकथा, हत्ती-घोडे असतील तर जुनं. आगगाडी, ग्रामोफोन, मोटार, टोपीवाले साहेब आले की नंतरचं. आगगाडी नीट बघा. न बघितलेली गाडी ऐकून काढल्यामुळे कित्येक ठिकाणी डबे म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या खोल्या आहेत, प्रत्येक खिडकीत एकेक माणूस.

माझी तक्रार किल्लीवाल्यांबद्दल नाही, हे स्पष्ट सांगते. चौकीदार पिढ्यान् पिढ्या त्या घरात राहतात. मालकाकडून मिळतं ते नाममात्र किंवा काहीच नाही. झाडतात तेच, गळतं तिथे पत्रा घालतात तेच. त्यांच्या हातात थेट पन्नास-शंभर द्या, आनंदाने द्या. पण गाइडबरोबर गेलात तर तेच दार महाग होतं आणि चौकीदाराला त्यातलं किती मिळतं हे तुम्हाला कधी कळत नाही. एका दारात म्हातारीने आम्हाला हाताने ‘या’ म्हणून बोलावलं होतं, आणि आमच्या माणसाने पुढे होऊन तिच्याशी काहीतरी बोलून मग आकडा सांगितला. ते मला फार लागलं.

तर मंडाव्याचा सल्ला असा. नवलगढहून पहिल्या बसने या, अंतर तीसेक किलोमीटर. गाइड घेऊ नका. सोनथलिया दरवाज्यापासून बाजाराने चाला, गल्ल्यांत शिरा, बाहेरूनच बघा. आत जायचं असेल तर उंबरठ्याबाहेर उभं राहूनच विचारा: “कितना लगेगा, एक का या सबका, फोटो के साथ?” तिन्ही प्रश्न एका दमात. उत्तर मिळाल्याशिवाय पाय आत टाकायचा नाही. दारावर ‘हवेली’ लिहिलंय आणि आत चादरी टांगलेल्या दिसल्या की वळायचं. अकरापर्यंत गाव सोडा, कारण त्या सुमाराला जयपूर-दिल्लीच्या गाड्या येऊ लागतात आणि भाव चढतात.

पुढच्या गाडीचंही तसंच. रामगढला जायचंय म्हटल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी आम्हाला मोटारीचे तीन हजार सांगितले, वर “वहाँ कुछ नहीं है” हा शेरा. त्याच रस्त्याने फतेहपूरमार्गे बस जाते, दोन टप्प्यांत, आणि माणशी शंभराची नोटसुद्धा पुरते. बसला गर्दी असते, सामान मांडीवर घ्यावं लागतं, एखाद्या वेळी उभंही राहावं लागतं. चालतं.

नवलगढचं फार लिहीत नाही, कारण तिथे सगळं सुरळीत झालं. पोदार हवेलीचं संग्रहालय आहे, तिकीट आहे, पावती मिळते, चित्रं नीट राखलेली आहेत. १९०२ ची ही हवेली आनंदीलाल पोदारांची. मोरारका हवेलीही अशीच व्यवस्थित. राहायला घरगुती जागा मिळतात, जेवण चांगलं. पहिल्यांदा येणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, कारण चित्र मुळात कसं दिसत होतं हे इथे कळतं आणि पुढे पडझडीतही ते ओळखता येतं. पोदार हवेलीतली काही चित्रं पुन्हा रंगवलेली आहेत आणि ती थोडी जास्तच ताजी वाटतात. मला ती आवडली नाहीत, भाऊजींना फार आवडली.

फतेहपूरला आम्ही थकून पोचलो, हे माझ्या मतात उतरलं असेल, पण मत बदलणार नाही. जुन्या वस्तीत गटारं तुंबलेली, गल्ल्यांत पाणी आणि त्यात मिसळलेली रेती, मोटारसायकलींचे हॉर्न. बूट चिखलाने भरले. पावसाळ्यात तर इथे अजिबात येऊ नका. गावाची बशी होते आणि पाणी साचून राहतं. गाव जुनं आहे, कायमखानी नवाब फतेहखानाने १४५१ मध्ये वसवलेलं. मराठी माणसासाठी आणखी एक संदर्भ आहे: १७९९ मध्ये मराठ्यांकडून वामनराव आणि आयरिश शिलेदार जॉर्ज थॉमस इथे जयपूरच्या फौजेशी लढले. वाटेवरच्या विहिरी बुजवल्या जात होत्या आणि फतेहपूरची विहीर हातात घेणं हाच पहिला प्रश्न होता. एप्रिल-मे मध्ये इथे कुणी आलं तर हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. त्या लढाईची खूण म्हणून दाखवावं असं गावात आम्हाला काही सापडलं नाही.

इथे बघायची ती नादीन ल प्रिन्स हवेली. मूळची देवडा घराण्याची, १८०२ ची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी फ्रेंच चित्रकार नादीन ल प्रिन्स यांनी विकत घेऊन ती दुरुस्त करून घेतली. तिकीट लावलेलं आहे, सोबत माहिती सांगणारं माणूस येतं, आणि आम्हाला ज्यांनी फिरवलं त्यांनी चुना कसा भिजवतात इथपासून सांगितलं. तासभर द्या. शेजारच्या हवेल्या बाहेरून बघा आणि बसस्टँड गाठा. फतेहपूरमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हा तोच, जो खाली धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर करत जातो. मूळचे तुळजापूरचे आमचे भाऊजी त्या पाटीपाशी बराच वेळ उभे होते.

रामगढ फतेहपूरहून चुरूच्या दिशेला वीसेक किलोमीटर. बस गावाच्या कडेला सोडते. आणि तिथे कुणीही आलं नाही. कुणीच. बसस्टँडवरच्या चहावाल्याने चहा दिला, पैसे घेतले, “छतरी उधर है” म्हणून हात केला आणि आपल्या कामाला लागला. मंडाव्यानंतर हे एवढं बरं वाटलं की ताईने त्याच्याकडे आणखी एक चहा घेतला.

ह्या गावाची जन्मकथाच भांडणाची आहे. पोद्दार मंडळी मूळ चुरूची, लोकरीचा मोठा व्यापार. चुरूच्या ठाकुराने लोकरीवर जकात वाढवली, बोलाचाली झाली, आणि पोद्दारांनी चुरू सोडलं. सीकरच्या राजाच्या हद्दीत, चुरूपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर, त्यांनी १७९१ मध्ये नवं गाव वसवलं. चुरूला मागे टाकेल असं गाव बांधून दाखवू, असं म्हणून निघाले होते म्हणतात. आणि बांधलं! अजूनही लोक ‘सेठों का रामगढ़’ म्हणतात. पोद्दार, रुईया, खेमका, सगळ्यांनी हवेल्या बांधल्या, मंदिरं बांधली, विहिरी बांधल्या, संस्कृत पाठशाळा चालवल्या. पाठशाळांमुळे ह्याला दुसरी काशीही म्हणत. बाहेर गेलेल्या जकातीचा हिशेब चुरूच्या ठाकुराने केला असेल का, हा प्रश्न आम्ही गावभर फिरताना एकमेकांना विचारत होतो.

पहिल्यांदा छतऱ्या बघा. दहनाच्या जागेवर बांधलेली ही स्मारकं, पोद्दारांची सगळ्यात मोठी. खाली ओटा, वर खांबांवर घुमट, आणि घुमटाच्या आतल्या बाजूला चित्रं. मी आत्तापर्यंत बघितलेल्या कुठल्याही हवेलीपेक्षा रामगोपाल पोद्दारांच्या छतरीचा घुमट मला भारी वाटला, हे ठामपणे लिहिते. मधोमध रासमंडळ, त्याभोवती एकाखाली एक पट्टे, रामायण, कृष्णचरित्र, लढाया, मिरवणुका. तांबडा आणि निळा अजून टवटवीत, कारण ऊन थेट पोचत नाही. उभं राहून बघाल तर मान मोडेल. चादर अंथरा आणि उताणे पडा. दुर्बीण हवीच, वरच्या पट्ट्यातल्या माणसांचे चेहरे दुर्बिणीशिवाय दिसत नाहीत, आणि चेहरे बघितल्याशिवाय इथून उठू नये. भाऊजींना लंकेची लढाई सापडली, ताईला वरातीतला एक पेंगलेला वाजंत्री, आणि मग आम्ही कोण काय शोधतो याची चढाओढ लावली. दोन तास कसे गेले कळलं नाही.

हे सांगताना दुसरंही सांगायला हवं. खाली पारव्यांची घाण आहे, बाटल्या आहेत, भिंतींवर खिळ्याने कोरलेली नावं आहेत. खालच्या भागातला गिलावा ओल चढून फुगलाय आणि पापुद्रे सुटताहेत. पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि चुना आतून ढकलतात. काही ठिकाणी कुणीतरी सिमेंटने डागडुजी केली आहे, त्याच्या कडेने तर जास्तच गळून पडलंय, कारण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी लवकर जा. वरच्या गच्चीवर जाणारे जिने अंधारे आणि अरुंद आहेत, पायऱ्या झिजलेल्या, कठडा कुठे आहे कुठे नाही. टॉर्च तोंडात धरून दोन्ही हात भिंतीला लावून चढा, एका वेळी एकच माणूस. वटवाघळं उडतील. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी खालीच थांबावं, घुमट खालूनच बघायचा असतो.

तिथून शनी मंदिर. बाहेरून काहीच वाटत नाही आणि आत सगळीकडे आरशांचं काम, मधून मधून चित्रं. हे १८४० च्या सुमाराचं. बूट बाहेर काढा, मोजे वाळूने भरतात. दक्षिणा पेटीत टाका. पुजाऱ्यांनी स्वतःहून दिवा धरून कोपरे दाखवले आणि काही मागितलं नाही.

मग जुन्या वस्तीत शिरा. दोन्ही बाजूंनी उंच भिंती, सज्ज्यांना आधार देणाऱ्या दगडी घोड्यांच्या मधल्या चौकटींत एकेक चित्र. नकाशा वगैरे काही नको, गाव छोटं आहे. हरवलात तर विहिरीचे मनोरे बघा. इथल्या विहिरींना चार कोपऱ्यांवर चार मनोरे असतात, ते दुरून पाणी कुठे आहे ते दाखवायला. सकाळी पूर्वेच्या भिंती बघा, दुपारनंतर पश्चिमेच्या. भर दुपारी सज्ज्यांच्या सावल्या नेमक्या चित्रांवर पडतात.

रुईयांची म्हणून दाखवलेल्या एका हवेलीला कुलूप होतं. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना ताईने सांगितलं, मी मुंबईला रुईया कॉलेजात शिकले. ते उठले, नातवाला किल्ली आणायला पाठवलं आणि म्हणाले, “बंबईवालों का ही घर है, देखो बाई.” पहिला चौक पुरुषांचा, तिथे गाद्या-तक्क्यांची बैठक, छताला हाताने ओढायच्या पंख्याच्या कड्या. त्यापुढे वळण घेऊन दुसरा चौक बायकांचा, वळण अशासाठी की बाहेरून आत थेट नजर जाऊ नये. आतल्या दारावर तोरण अजून होतं, कधीच्या तरी लग्नाचं. मालक लोक कधी येतात, असं विचारल्यावर ते म्हणाले, जात-जडूल्याला येतात. म्हणजे लग्नानंतर कुलदेवतेच्या दर्शनाला आणि मुलाचं जावळ काढायला. त्या वेळी हवेली झाडून उघडतात, चार दिवस नांदती होते. पैसे किती, विचारलं तर त्यांनी हात हलवला. ताईने नातवाच्या हातात दोनशे ठेवले. मंडाव्यातल्या सव्वीसशेंत जे मिळालं नाही ते इथे मिळालं.

विकत घेण्याबद्दल. रामगढला सुतारकामाचे कारखाने आहेत, नवं लाकूड जुनं दिसेल असं घडवण्यात ही माणसं तरबेज आहेत. काम उत्तम आहे, आणि नवं म्हणून घेणार असाल तर जरूर घ्या. जुनं म्हणून घेऊ नका. ते खरंच जुनं असेल तर कुठल्या तरी हवेलीचं दार उचकटून आलंय, आणि शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू १९७२ च्या कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या आपल्या लोकांना ‘कागद करून देतो’ म्हणणारे भेटतील. नकार द्या.

जेवणाची सोय हा रामगढचा खरा कच्चा दुवा. बाजारात कचोरी, दूध-जिलेबी, चहा मिळतो. बसून जेवायची जागा मोजकी. जुन्या हवेल्यांत चालवलेली दोन-तीन हॉटेलं आहेत, तिथे आधी फोन करून सांगितलं तर बाजरीची रोटी, कढी, केर-सांगरीची भाजी करून ठेवतात. न सांगता गेलात तर दीड तास थांबावं लागतं. रामगढचा मुक्काम तिथेच करा, म्हणजे संध्याकाळचा आणि सकाळचा उजेड दोन्ही मिळतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून इतर वेळी येऊ नका, निदान बघायला म्हणून तरी. २०१९ च्या जूनमध्ये शेजारच्या चुरूत पारा पन्नास अंशांच्या वर गेला होता. आणि थंडी हलकी समजू नका. फतेहपूरचं तापमान शून्याखाली गेल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात, हवेल्यांच्या खोल्या उंच छताच्या आणि गारठलेल्या असतात. मुंबईचा स्वेटर पुरणार नाही. कानटोपी, मोजे, आणि रात्री मागून घेतलेली दुसरी रजाई. सोबत दुर्बीण, टॉर्च, अंथरायला चादर, आणि दहा-वीस-पन्नासच्या भरपूर नोटा. पाचशेची नोट किल्लीवाल्यापुढे काढली की सुट्टे नसतात, कुणाकडेच. दिवसभराचं चालणं दहा-बारा किलोमीटर धरून चाला, सगळं सपाट पण रेतीतून.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी जयपूर गाठावं, तिथून नवलगढची बस साधारण तीन-साडेतीन तास घेते. परतताना उलटं जाऊ नका. रामगढला सीकर-चुरू मार्गावर स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्या, वेळ आधी बघून ठेवा. सोपं म्हणजे बसने किंवा शेअर जीपने चुरू गाठायचं, अर्धा तास लागतो. चुरू बिकानेर-दिल्ली मार्गावर आहे आणि तिथून दिल्लीकडे थेट गाड्या मिळतात. जीपवाला माणशी भाव सांगतो की अख्ख्या जीपचा, हे बसण्याआधी पक्कं करा. आणि मंडाव्यामार्गे सोडतो, वाटेत एक हवेली दाखवतो, असं कुणी म्हणालं तर खाली उतरा. मंडावा चुरूच्या वाटेवर नाही.